येताना ट्यूब घेऊन या

तरावीहची नमाज संपते. मशिदीतून परतणाऱ्यांच्या पावलांनी गल्ली थोडा वेळ गजबजते आणि मग मालेगावात मोसम नदीच्या पूर्वेकडे, एका जुन्या घराच्या ओट्यावर बायका जमायला लागतात. कोणाच्या कडेवर पेंगुळलेले मूल असते, कोणाच्या हातात इफ्तारच्या उरलेल्या भज्यांची झाकलेली बशी. आणि बहुतेकींच्या बटव्यात, नाहीतर ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवलेली, अर्धी पिळलेली एक ट्यूब असते.

घर एका निवृत्त परिचारिकेचे आहे. वॉर्ड, प्रसूतिगृह, ड्रेसिंगची खोली, लसीकरणाचे कॅम्प असे सगळे करत तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी नोकरी करून त्या घरी बसल्या. घरी बसल्या म्हणणे तसे चुकीचेच. मोहल्ल्यातल्या पोरांच्या त्या ‘सिस्टर खाला’, बायकांच्या ‘सिस्टर बाजी’ आणि नदीपलीकडून येणाऱ्यांच्या नुसत्या ‘सिस्टर’. त्यांचे खरे नाव आता रेशनकार्डावर तेवढे उरले आहे.

त्यांचे नियम दोनच. सल्ला मिळेल, औषध मिळणार नाही. ‘मी डॉक्टर नाही, मी वाचून दाखवते,’ असे त्या आधीच सांगून टाकतात. आणि दुसरा नियम म्हणजे येताना ट्यूब घेऊन या, खोक्यासकट. नुसते ‘खाज येते’ म्हणून सांगायला आलेल्या बाईला त्या परत घरी पिटाळतात आणि जे लावले ते घेऊन यायला सांगतात. कारण त्यांच्या मते निम्मा आजार अंगावर असतो आणि निम्मा त्या ट्यूबमध्ये.

रमजानच्या पहिल्या आठवड्यात एक तरुण सून आली. आजार तिचा नव्हता, नवऱ्याचा होता. नवरा पॉवरलूमवर काम करतो, बारा तासांची पाळी. कोरड्या हवेने सूत तुटते म्हणून कारखान्याच्या खिडक्या फारशा उघडत नाहीत. आत उकाडा, घाम आणि सुताची धूळ. त्याला जांघेत आणि कमरेला गजकर्ण झाले होते. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज गेली. लावणे थांबवले, आठवड्यात परत आली. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. असे आठ महिने चालले होते. आता चट्टे पाठीपर्यंत गेले होते आणि जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर लालसर रेघा उमटल्या होत्या.

पण ती सून रडत होती ते यासाठी नव्हे. नवऱ्याने तरावीहला जाणे बंद केले होते. सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि मधेच खाजवण्यासाठी हात जायचा, याची त्याला लाज वाटत होती. शिवाय खाजवून रक्त आले, पाणी सुटले, कपड्याला डाग लागला तर नमाज होते की नाही, हा संशय. घरी सांगायचा पायात गोळे येतात. शेजारी वेगळाच अर्थ काढू लागले होते.

सिस्टरनी ट्यूब दिव्याखाली धरली, चष्म्यावर भिंग लावले आणि बारीक अक्षरांतली नावे मोठ्याने वाचली. एक बुरशीवरचे औषध, एक जिवाणूंवरचे आणि तिसरे क्लोबेटासॉल. ‘हा बघ चोर,’ त्या म्हणाल्या.

क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड आहे, आणि त्या जातीतल्या सर्वांत जोरकस औषधांपैकी एक. स्टेरॉइड वाईट नसते. इसबासारख्या आजारांत त्वचारोगतज्ज्ञ ते मोजून-मापून देतात आणि गुणही येतो. पण गजकर्ण ही बुरशी आहे. शरीर तिच्याशी लढते म्हणून त्वचा लाल होते, खाज सुटते. स्टेरॉइड ती लढाईच थांबवते. लाली जाते, खाज जाते, माणसाला वाटते बरे झाले. बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. वर्तुळाची ठसठशीत कडा पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. सिस्टर हे समजावताना म्हणतात, ‘चौकीदाराला झोपेची गोळी दिली तर कुत्रे भुंकायचे थांबत नाही का? घरात शांतता होते. चोर मात्र आतच असतो.’ चौकीदार आणि कुत्रे यांची त्यात थोडी सरमिसळ होते खरी, पण ओट्यावर बसलेल्या बायकांना नेमके काय ते कळते.

ही ट्यूब एकट्या मालेगावची नाही. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली दहाएक वर्षे हेच सांगत आहेत की, पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जाणारे गजकर्ण आता महिनोन्‌महिने चिवटपणे राहते. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या त्वचेतून वेगळ्या केलेल्या एका बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला ती अनेकदा दाद देत नाही. त्या नावात आपला देश आहे, ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे. केंद्र सरकारने मार्च 2018 मध्ये 14 प्रकारची लावण्याची स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. खोक्यावर तसे छापलेलेही असते. पण रात्री दहा वाजता खाजेने हैराण झालेला माणूस काउंटरवर उभा राहून ‘ती खाजेची ट्यूब द्या’ म्हणतो, तेव्हा खोके वाचतो कोण?

सिस्टरनी त्या सुनेला चार नावे पाठ करायला लावली: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातले एकही नाव दिसले तर डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती ट्यूब घ्यायची नाही. तिला वाचता येत होते, उर्दूत. म्हणून सिस्टरनी ती नावे एका कागदावर उर्दूत लिहिली आणि शेजारी इंग्रजी अक्षरे जशी खोक्यावर असतात तशी काढून दिली. आता तो कागद मोहल्ल्यात बऱ्याच घरांत झेरॉक्स होऊन फिरतो आहे.

पुढचा सल्ला कपड्यांचा होता. एका घरात एक टॉवेल ही आपल्याकडची जुनी खोड. बाप, मुले, पाहुणा, सगळे त्याच टॉवेलला तोंड पुसतात. गजकर्णात टॉवेल वेगळा हवा, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवायला हवेत, जमेल तर शिवणींवरून इस्त्री फिरवायला हवी. घट्ट जीन्स आणि नायलॉनचे आतले कपडे उन्हाळ्यात बंद. पाळीवरून आल्यावर घामाचे कपडे अंगावर वाळू द्यायचे नाहीत. घरात आणखी कोणाला चट्टा असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी. एकट्याने बरे होण्यात अर्थ नाही, कारण महिनाभरात तो दुसऱ्याकडून परत घेणार. आणि चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस औषध चालू ठेवायचे. ‘दिसत नाही म्हणजे गेले नाही,’ हे वाक्य त्या रात्रीतून दहा वेळा म्हणत असतील.

मग त्यांनी विचारले, ‘कमरेला दोरा आहे का?’

होता. तावीज होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला, कमरेला बांधलेला. दोरा घामाने कायम ओला राहतो, त्याखाली बुरशी मुक्काम करते आणि वरवरच्या उपचाराने हलत नाही. सिस्टरकडे नदीपलीकडून येणाऱ्या पोरांच्या कमरेला करदोडा असतो, तिथेही हीच कथा. कातडीला तावीज आणि करदोडा यांतला फरक कळत नाही. सिस्टर कोणालाही ‘काढून फेका’ म्हणत नाहीत. तावीज काढून खिशात किंवा भिंतीवर ठेवा, करदोडा उपचार संपेपर्यंत देवापुढे ठेवा, मग नवा बांधा. एवढ्यावर आजवर कोणी भांडले नाही.

राहिला प्रश्न नमाजचा. तिथे सिस्टर थांबल्या. ‘दवा मला विचार, मसला मौलानांना विचार. नवऱ्यालाच पाठव, तू जाऊ नकोस.’ ही शिस्त त्यांनी कायम पाळली आहे आणि ती महत्त्वाची आहे. मोहल्ल्यात दोन्ही बाजूंची सरमिसळ फार होते. दवाखान्यातले लोक फतवे देतात आणि दर्सला बसलेले लोक गोळ्या सांगतात.

एका बाबतीत मात्र त्या ठामपणे बोलतात, कारण त्याचा निवाडा आलिमांनी आधीच केलेला आहे. मलम लावल्याने रोजा तुटतो का? हा प्रश्न रमजानमध्ये त्यांना रोज येतो आणि त्यापायी अनेकजण दिवसभराचे औषध चुकवतात. 1997 मध्ये जेद्दाह येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनात मुस्लिम देशांतले आलिम आणि डॉक्टर यांनी या विषयाचा विचार केला होता. त्वचेतून शोषली जाणारी मलमे, तेले, औषधी पट्ट्या यांनी रोजा तुटत नाही, तपासणीसाठी रक्त दिल्याने तुटत नाही, असे त्या ठरावात आले आहे. पोटात घ्यायच्या गोळ्यांचे वेगळे. त्या इफ्तार आणि सहेरीच्या वेळेत बसवता येतात का, हे डॉक्टरांना विचारायचे; बहुतेक वेळा बसतात. स्वतःच्या मनाने सकाळची आणि रात्रीची अशा दोन्ही गोळ्या इफ्तारला एकदम गिळायच्या नाहीत.

सगळेच प्रश्न इतके लांबत नाहीत. तीन-चार वर्षांच्या पोराच्या गालावर फिकट डाग आला की आया घाबरतात, कोणी जंत म्हणतात, कोणी कॅल्शियम कमी म्हणतात. बहुतेकदा ती कोरडी पडलेली कातडी असते; खोबरेल तेल किंवा साधी व्हॅसलीन लावत राहिले की काही महिन्यांत रंग येतो. पण मोठ्या माणसाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर सिस्टर आवाज खाली आणून त्या माणसाला बाजूला घेतात आणि दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात पाठवतात. कुष्ठरोगाची शंका असते. औषध फुकट आहे, आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांचे आहे, माणूस पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच त्याच्यापासून कोणाला लागण होत नाही. वेळ गेला तर बोटे वाकडी होतात. एवढे ऐकून घ्यायलाही लोक तयार नसतात, म्हणून त्या सोबत जातात.

एका रात्री नदीपलीकडची भाजीवाली आली, दोन मुलांना घेऊन. मुले रात्रभर खाजवतात, झोपत नाहीत. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ. सिस्टरनी तिला विचारले, ‘ताई, घरात अजून कोण खाजवतं?’ तर सासू, दीर, सगळेच. खरूज. तिची चूक एकच झाली होती, ज्याला जास्त खाज त्याला आधी औषध. खरजेचे मलम डॉक्टर देतात ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे असते, खाज असो वा नसो. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा. डॉक्टर सांगतील तितके तास ठेवायचे आणि सहसा आठवड्याने पुन्हा एकदा. तान्ही मुले आणि गरोदर बाया असतील तर आधी डॉक्टरांना दाखवायचे. त्याच दिवशी चादरी, कपडे गरम पाण्यात. रमजानमध्ये एक अडचण येते, सहेरीला उठले की हात धुतले जातात, फजरला वुजू होतो आणि हातावरचे मलम निघून जाते. मग हाताला परत लावा, इतकाच त्याचा उपाय. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून रोज रोज मलम चोपडायचे नाही. भाजीवालीने सगळे ऐकले आणि जाताना सिस्टरच्या सुनेच्या हातात कोथिंबिरीची जुडी देऊन गेली. पैसे घ्यायला ती काही थांबली नाही.

रमजान पुढे सरकतो तशी ओट्यावरची चिंता बदलते. शेवटच्या अशऱ्यात मुली येतात, आयांच्या आडून. ईद जवळ आलेली असते. कोणाची मंगनी ईदच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली असते. गोरे व्हायचे असते.

इथे सिस्टरचा संयम सुटतो. एका कॉलेजातल्या मुलीने चेहऱ्याला लावायची जी ट्यूब दाखवली, तिच्यातही स्टेरॉइड होते. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला, मैत्रिणींनी नाव विचारले. सहाव्या महिन्यात गाल लाल, बारीक पुटकुळ्या, हनुवटीवर लव, आणि उन्हात गेले की आग. लावणे थांबवले की आग वाढते, म्हणून परत लावायचे. तिला सिस्टरनी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले, कारण हे सोडवायचे तर देखरेखीखाली सोडवावे लागते. तिच्यासोबत आलेल्या मैत्रिणीकडे तर बिनलेबलाची डबी होती. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत काय आहे त्याची नावे नाहीत. अशा डब्यांत पारा असू शकतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण दिसू लागले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे निघाले. क्रीम चेहऱ्याला लावली आणि दुखणे मूत्रपिंडाला झाले. पण सिस्टरचा राग डबीपेक्षा आयांवर जास्त असतो. ‘मुलीला बी.एससी. करता आणि स्थळ आलं की तिचा रंग मोजता,’ असे त्यांनी त्या मुलीच्या आईला सगळ्यांसमोर सुनावले. आई दोन दिवस आली नाही.

मेंदीचेही तेच. चाँदरातीला बाजारात बसलेल्या पोरी अर्ध्या तासात काळा रंग येईल अशी मेंदी लावून देतात. पाल्याच्या मेंदीचा रंग आधी केशरी येतो, मग दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी होतो. तो कधी डांबरासारखा काळा होत नाही आणि तासाभरात तर नाहीच. काळ्या मेंदीत केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन घातलेले असू शकते. ज्याला ते सोसत नाही त्याच्या हातावर मेंदीच्या नक्षीचेच फोड उठतात आणि पुढे आयुष्यभर कलप लावायची सोय राहत नाही. आग सुरू झाली की ‘रंग चढतोय’ म्हणून बसून राहायचे नाही, लगेच धुऊन टाकायचे.

म्हातारे पुरुष ओट्यावर येत नाहीत. त्यांच्यासाठी सिस्टर सुनांच्या हाती निरोप देतात आणि तो निरोप पायांचा असतो. दिवसातून पाच वेळा वुजू, पाय धुतले जातात, बोटांत खिलाल केला जातो आणि मग ओलेच पाय चपलेत जातात. बोटांच्या बेचक्यात पांढरी, सडलेली कातडी दिसते ती याच ओलीमुळे. वुजूनंतर कोरड्या फडक्याने बेचके टिपा, एवढ्यानेच बराच फरक पडतो. साखरेचा आजार असलेल्यांसाठी हे नुसते खाजेपुरते राहत नाही, कारण त्या भेगेतून जखम होते आणि पाय बधिर असल्याने ती कळत नाही. जोहरच्या वेळी मशिदीच्या सहनातली फरशी तापलेली असते. बधिर तळव्याला तीही कळत नाही आणि घरी आल्यावर फोड दिसतो. म्हणून रोज रात्री आरशात तळवे बघायचे, स्वतःला दिसत नसेल तर नातवाला दाखवायचे. बसून बसून घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जो घट्टा पडतो तो ब्लेडने तासायचा नाही.

साखर घरच्या यंत्रावर तपासल्याने रोजा जात नाही, हे त्या पुन्हा सांगतात. 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडायचा, असे मधुमेहतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. पण त्यांच्या अनुभवात म्हाताऱ्यांना सगळ्यात अवघड जाते ते हेच. तपासायला ते तयार होतात, सोडायला नाही. आजारी माणसाने दुसऱ्या दिवसांत रोजे भरून काढावेत, ही सवलत खुद्द कुरआनात सूरह बकरामध्ये आहे, आणि ज्यांना ती ठाऊक आहे तेच ती स्वतःसाठी घेत नाहीत. सिस्टरचे स्वतःचे थोरले भाऊ त्यातलेच. त्यांच्यापुढे सिस्टरचे काही चालत नाही.

पंचविसाव्या रोज्याच्या रात्री ती लूमवाल्याची सून पुन्हा आली. या वेळी गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल उभी होती आणि तिच्यावर नवरा बसला होता, ओट्याकडे पाठ करून. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन तीन आठवडे झाले होते. गोळ्या चालू होत्या, मलम दुसरे होते. खाज अजून पूर्ण गेली नव्हती, जांघेतल्या रेघा तर जाणाऱ्या नाहीतच, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. मौलानांशी त्याचे बोलणे झाले होते आणि गेल्या जुम्म्यापासून तो शेवटच्या सफमध्ये, भिंतीच्या कडेला उभा राहू लागला होता.

सिस्टरनी नवी ट्यूब खोक्यासकट मागून घेतली, भिंग लावून नावे वाचली आणि परत दिली. मग गल्लीकडे बघत आवाज चढवला, ‘बेटा, टॉवेल वेगळा केला का?’

त्याने मान वळवली नाही. ‘हो, खाला. वेगळ्या खिळ्याला आहे.’

‘आणि अब्बांचा?’

यावर तो काही बोलला नाही. सून हसली आणि म्हणाली, उद्या आणते.